पिवळ्या खडूची रेघ

रिजेक्टकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी दिसलं नाही. तिथे तीन खडू असायचे, लाल, पिवळा आणि पांढरा. कंपनीत ते इन्स्पेक्शन खात्यात होते. लाल खडूची फुली म्हणजे माल बाद, पिवळी रेघ म्हणजे दुरुस्ती बाकी आणि पांढरी खूण म्हणजे पास. कंपनी सुटली की खडू टेबलाच्या खणात ठेवून घरी यावं, अशी बाकीच्यांची रीत. काकांचे खडू मात्र त्यांच्याबरोबर घरी यायचे आणि मग आमच्या कॉलनीत काहीच सुरक्षित राहायचं नाही. नळाची गळकी तोटी, गणपतीच्या मांडवाचा वाकडा बांबू, वाण्याच्या तराजूची दांडी, सगळ्यांवर लाल फुल्या. एकदा त्यांनी पोस्टमनच्या सायकलच्या मागच्या चाकावर फुली मारली. आपल्यावर कुणीतरी करणी केली म्हणून तो बिचारा कितीतरी दिवस आमच्या गल्लीत पायी यायचा.

समोर इन्स्पेक्टर राहतात असं कॉलनीत नव्यानं आलेल्या माणसाला कुणी सांगितलं, तर तो आधी शर्टाची बटणं लावायचा. मग लेंगा-बनियनवर, हातात दुधाची किटली घेतलेले काटकुळे काका समोरून यायचे आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा. 'रिजेक्टकाका' हे नाव आम्हा पोरांनी ठेवलेलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आता आपलं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. काकांनी ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाले, "चालेल." 'चालेल' हा त्यांचा मोठाच शेरा होता. त्याच्या वर 'पास' असायचा, पण तो त्यांनी एखाद्या माणसाला किंवा पदार्थाला दिल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. तो लोखंडासाठी राखून ठेवलेला होता. काकींची पुरणपोळीसुद्धा उभा जन्म 'चालेल'वरच अडकली होती.

आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. मधे एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. आबा, म्हणजे माझे वडील, त्याच कंपनीत फिटर होते. आबा चाकणकडच्या खेड्यातले, शेत भावाच्या हवाली करून पिंपरीला आलेले. काका मूळ पुण्याचे, शुद्ध बोलणारे, शर्ट खोचणारे. आबांनी केलेलं काम तपासणीला काकांच्या टेबलावर जायचं, म्हणजे खरं तर दोघांचं वैरच व्हायला हवं होतं. पण आबांच्या कामावर फुली मारायची वेळ फारशी येत नसे आणि याचा अभिमान आबांपेक्षा काकांनाच जास्त होता. संध्याकाळी दोघं आमच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायचे. आबा त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणायचे आणि काका आबांना 'किसनराव'. तासभर बसून दोघं मिळून दहा वाक्यं बोलत असतील, पण एक आला नाही तर दुसऱ्याचा चहा निवून जायचा.

काकांना खोटं बोलता येत नसे. त्यामागे तत्त्व वगैरे असेलही, पण मुख्य म्हणजे त्यांना ते जमतच नसे. बारशाला गेलेले लोक "अगदी बापावर गेलाय हो" म्हणून मोकळे होतात. काका पाळण्यावर वाकायचे, चष्मा सारखा करायचे आणि म्हणायचे, "डावा कान उजव्यापेक्षा जरा पुढे आहे. वाढताना बसेल जागेवर." काकी मागून शर्ट ओढत राहायच्या. कुणाच्या मयताला तर काकी त्यांना एकटं पाठवतच नसत. चुकून कधी एखादी लहानशी थाप मारायची वेळ आलीच, तर काकांचे कान आधी लाल व्हायचे आणि मग शब्द अडकायचे. "सांधा कधी खोटं बोलत नाही," ते म्हणायचे, "मग सांधा बघणाऱ्यानं का बोलावं?"

त्यांची आणखी एक शिकवण कॉलनीला पाठ होती. एकाच पाळीत तीन कामगारांचा माल बाद निघाला तर कामगारांना बोलायचं नाही, आधी आपलं माप तपासायचं. तीन माणसं एकाच वेळी चुकत नाहीत, माप मात्र एकटं चुकू शकतं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं गणितात आपटली की घरी बापाला हेच ऐकवायची. त्यामुळे गणिताच्या गुरुजींचं आणि काकांचं कधी पटलं नाही.

अशा माणसानं मोटार घेतली, तेव्हा सगळी कॉलनी बघायला लोटली. कुण्या साहेबानं वापरून वापरून काढून टाकलेली जुनी काळी मोटार होती ती. घेण्याआधी काकांनी तिच्यावर इतक्या फुल्या मारल्या होत्या, की मूळ रंग शोधावा लागत होता. तरी घेतली. आम्ही तिला डांबरी म्हणायचो.

का घेतली, ते मला पुढे काकींनी सांगितलं. कॉलनीतली एक मुलगी लग्न होऊन वऱ्हाडाच्या ट्रकातून सासरी गेली होती. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि नवरा यांच्यामध्ये ती अंग चोरून बसलेली, गुडघ्याला गिअरचा दांडा लागतोय, मागे भांड्यांचा आणि माणसांचा एकच खडखडाट. काका-काकींना मूलबाळ नव्हतं. त्या दिवशी काका घरी येऊन जेवलेच नाहीत. "मुलगी आहे का लोखंडाचं कास्टिंग?" एवढंच म्हणाले. त्यानंतर डांबरी आली आणि कॉलनीतली प्रत्येक मुलगी डांबरीतून सासरी जाऊ लागली. काका स्वतः चालवायचे, काळी टोपी घालून. निघण्यापूर्वी गाडीला एक फेरी घालून पुढच्या बंपरवर पांढरी खूण करायचे. ती खूण झाल्याशिवाय नवरीनं गाडीत पाय ठेवायचा नाही, असा दंडकच होता. आम्हा मुलींना मंगळसूत्राइतकीच त्या खुणेची हौस होती.

माझं लग्न ठरलं ते चाकणच्या पुढच्या एका वस्तीवर. नवरा भोसरीला एका लहान कारखान्यात कामाला, घरची कांद्याची शेती. बघायला आला तेव्हा काका ओट्यावर हजर होतेच. त्यांनी त्याला शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. "हात दाखव," म्हणाले. त्यानं गोंधळून दोन्ही पंजे पुढे केले. काकांनी नखं पाहिली, तळव्यावरचे घट्टे पाहिले आणि शेरा दिला, "चालेल." आईनं आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. आबा नुसते मिशीत हसले. लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर लगेचच धरलं.

त्या साली खंडेनवमीला काकांना उत्साहाचं उधाण आलं. खंडेनवमीला कंपनीत मशीन पुसायची, रंगवायची, हार घालायचा, ही आमच्याकडची पद्धत. बायकापोरं नटूनथटून खातं बघायला जायची आणि आबा आम्हाला आपलं मशीन असं दाखवायचे, की जणू घरातली मोठी सूनच. काकांना वाटलं, यंदा शकूला, म्हणजे मला, सासरी न्यायचंय, तर डांबरीचं इंजिनही का मागे राहावं? त्यांनी चंदेरी रंगाचा डबा आणला आणि सगळं इंजिन आपल्या हातानं रंगवलं. एक हात वाळल्यावर वरून दुसरा हात. कुणाला ब्रशला हात लावू दिला नाही. बॉनेट उघडलं की आत भांड्यांचं दुकान उघडल्यासारखं चकाके. हार घातला, नारळ फोडला, काकींनी हळदकुंकू लावलं आणि आबा म्हणाले, "इन्स्पेक्टर, आता हिला बी एक नवरा बघा."

दसरा होऊन गेला आणि लग्नाच्या बोलणीसाठी आई-काकींना घेऊन काका चाकणला गेले. येताना मोशीच्या अलीकडेच जळक्या तेलाचा वास सुटला. घरी आल्यावर गाडीखाली परातीएवढं काळं थारोळं. डांबरी म्हातारी होती, पण अशी कधी गळली नव्हती. आबांनी वाकून बघितलं. इंजिनच्या बाजूच्या झाकणाच्या कडेनं तेल येत होतं.

गॅस्केट, म्हणजे तेल गळू नये म्हणून सांध्यात बसवायचा कागद, कापावा तर आबांनीच. झाकणावर जाड कागद ठेवायचे आणि लहान हातोडीनं कडेकडेनं अलगद ठोकत जायचे. कात्री न लावता कागद बरोबर कडेवर तुटत यायचा. ते बघायला पोरं जमायची. आबांनी नवं गॅस्केट कापलं, बसवलं, बोल्ट समोरासमोरचे क्रमानं आवळले. पुढच्या गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दोघं भोसरीपर्यंत जाऊन आले. बॉनेट उघडलं, तर नव्या गॅस्केटच्या कडेनं तेलाची ताजी धार.

काकांनी त्या धारेला बोट लावून पाहिलं. मग त्यांनी खिशात हात घातला.

"किसनराव, सांधा तुमचा आहे," ते म्हणाले. "फुली मला मारावीच लागेल."

आणि आबांनी बसवलेल्या झाकणावर, गल्लीतल्या दहा माणसांच्या देखत, त्यांनी लाल फुली मारली.

आबांनी हातातला पाना खाली ठेवला. फडक्याला हात पुसले. "व्हय का? मग तुमचं तुमी बसवा," एवढंच बोलून ते रस्ता ओलांडून घरात आले. आतून आईला म्हणाले, "शकी ट्रकातनं जाईल सासरी. आमी काय मोटारीत जल्मलो न्हाई."

पलीकडून काकांचंही ठरलं होतं. "गळक्या गाडीत मी नवरी बसवणार नाही," ते काकींना सांगत होते आणि ते आम्हाला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं सांगत होते. झालं. ओटा ओस पडला. दोघं एकाच बसथांब्यावर उभे राहून दोन दिशांना बघायचे. आई आणि काकी वाटीतून चटण्या-कोशिंबिरी इकडून तिकडे न्यायच्या, पण त्यातही आता कुजबुज असायची. मला ट्रकाचं दुःख होतंच, खोटं कशाला सांगू? पण माझ्या लग्नाच्या तोंडावर या दोघांचं बोलणं तुटलं आणि आता मी निघून गेल्यावर ते जोडणार कोण, हा विचार माझ्या डोक्यातून जायचा नाही.

काकांनी गाडी चिंचवड स्टेशनजवळच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्यानं खालच्या तेलाच्या टाकीचं गॅस्केट बदललं. दोन दिवस बरे गेले. मग त्याही कडेनं तेल यायला लागलं. काकांनी मिस्त्रीच्या कामावरही फुली मारली. गाडी आता लाल फुल्यांनी भरत चालली आणि तुळशीचं लग्न जवळ येत चाललं.

त्या पुढच्या गुरुवारी सकाळी काकींनी मला हाक मारली. बघते तर त्या स्वयंपाकघरात बसून खलबत्त्यात पांढरे खडू कुटत होत्या. "आता हेच राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "उद्या लोखंडाची चटणी वाटायला लावतील." काका बाहेर इंजिन रॉकेलनं धूत होते. धुऊन, पुसून, वाळवून झाल्यावर त्यांनी काकींच्या पावडरच्या डब्यातला मऊ पफ मागून घेतला आणि त्या कुटलेल्या खडूची पूड सगळ्या इंजिनवर थापली. इंजिन पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं पांढरंफट दिसायला लागलं.

"कोरड्या पुडीवर तेल जिथे पहिल्यांदा उमटेल, तिथून ते निघतंय," काका मला म्हणाले. "बाकी सगळं वाहत आलेलं. शकू, आत बस आणि मी सांगेन तेव्हा पाय दाब."

मी डांबरीत पहिल्यांदाच पुढे बसले होते. गाडी नुसती चालू ठेवली तेव्हा काहीच झालं नाही. मग काकांनी खूण केली, मी पाय दाबला, इंजिन ओरडायला लागलं. काका बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली.

"तीन," ते म्हणाले.

मी उतरून बघितलं. आबांच्या झाकणाच्या कडेनं एक काळी रेघ उतरत होती. मिस्त्रीच्या गॅस्केटच्या कडेनं दुसरी. आणि तेल मोजायची पट्टी जिथे आत जाते, जिथे कुणाचाच हात लागला नव्हता, तिथूनही तिसरी. तिन्ही एकदम फुटलेल्या.

काकी दारात उभ्या होत्या. इतकी वर्षं ऐकलेलं ते वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तीन जण एकाच वेळी चुकत नाहीत.

काका पुटपुटले, "माप तपासायचं." त्यांनी तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण धरलं आणि फिरवलं. फस्स करून आतली गरम वाफ बाहेर आली आणि त्यांच्या चष्म्यावर तेलाचे शिंतोडे उडाले. मला त्यांनी पुन्हा पाय दाबायला लावला. झाकण उघडं होतं आणि तिन्ही रेघा होत्या तिथेच थांबल्या. काकांनी ते झाकण उलटं केलं. त्याच्या कडेखाली बारीक भोकं होती आणि आत तारेची जाळी. त्या इंजिनमध्ये कोंडलेली हवा बाहेर जायला तेवढीच एक वाट होती. आणि ती सगळी भोकं चंदेरी रंगानं लिंपून गेली होती. एक हात आणि वरून दुसरा हात.

कुकरच्या शिट्टीत डाळ अडकली की वाफ जशी कडेकडेनं फुसफुसते, तसं झालं होतं. गॅस्केटं चांगलीच होती. आतला दाब बिचाऱ्यांना ढकलून तेल बाहेर काढत होता.

काका पायरीवर बसले. चष्मा पुसला. मग खिशातून लाल खडू काढला आणि स्वतःच्या शर्टावर, बरोबर खिशाच्या वर, चांगली मोठी फुली मारली. काकी म्हणाल्या, "अहो, धुतलेला शर्ट!" पण काका उठून चालायला लागले होते. एका हातात झाकण, छातीवर लाल फुली, चष्म्यावर तेल. भर सकाळी, गल्ली सगळी बाहेर असताना, ते रस्ता ओलांडून आमच्या दारात उभे राहिले.

आबा दाढी करत होते. आरशातूनच त्यांनी बघितलं.

"किसनराव, दोष सापडला," काका म्हणाले. "रंगाऱ्यात आहे."

आबांनी झाकण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि भोकांतून बघितलं. काहीच दिसलं नाही. त्यांना हसू यायला लागलं, पण त्यांनी ते साबणाच्या फेसात दडवलं.

"बाद माल भंगारात टाकायचा असतो," ते म्हणाले. "माझ्या दारात कशाला आणला?"

"दुरुस्ती होते का बघा."

"फुली बी वाकडी मारलीया," आबा म्हणाले. "या आत. शकीची आई, च्या टाक."

त्या दिवशी दोघांनी मिळून ते झाकण रॉकेलमध्ये भिजत घातलं आणि सुईनं एकेक भोक मोकळं केलं. आबांच्या झाकणावरची लाल फुली काकांनी आपल्या रुमालानं पुसली आणि तो रुमाल पुढे काकींनी कितीही उकळला तरी गुलाबीच राहिला. देहूरोडपर्यंत जाऊन येऊन गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. पुठ्ठा कोरडा. आठवडाभर कोरडा. आई म्हणाली, "आता गळलं ना, तर मी दोघांच्या नाकाला गॅस्केट बसवीन."

लग्न कॉलनीच्या मैदानातच झालं. त्या सकाळी न्हाऊन येताना मी मुद्दाम डांबरीपाशी थांबले होते. खाली पुठ्ठा स्वच्छ कोरडा आणि बंपरवर पांढरी खूण. माझी खूण. ती बघून मी एकटीच हसले.

दुपारी निघायची वेळ झाली. आमच्याकडे मुलीच्या पाठवणीला बाप तिच्या सासरी जात नाही. नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही पीत नाही. सोबत पाठराखीण म्हणून माझी आत्या येणार होती. आई रडून मोकळी झाली होती. आबा मात्र मांडवाच्या खांबापाशी उभे राहून दोर तपासत होते. मांडव उतरवायचा होता, दोर तपासण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तरी ते एकच गाठ सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

मी गाडीत पाय ठेवणार, एवढ्यात काका म्हणाले, "थांबा."

ते गाडीच्या पुढे गेले. वाकले. रुमालानं बंपर पुसला आणि खिशातून खडू काढला. मी बघितलं तर पिवळा. त्यांनी बंपरवर पिवळी रेघ ओढली.

"गाडी अजून थोडी गळतेय," ते म्हणाले. त्यांचे दोन्ही कान लालबुंद झाले होते. "दुरुस्ती बाकी आहे. वाटेत... वाटेत काही झालं तर... फिटर सोबत पाहिजे."

नवऱ्याचे चुलते पुढे झाले. "मंग ट्रकात बसवू की पोरीला. आन् फिटर कोण?"

"किसनराव."

"न्हाई जमायचं. पोरीचा बाप मागं यायची रीत न्हाई आपल्यात."

"बाप म्हणून कोण नेतंय?" काका म्हणाले. "फिटर म्हणून नेतोय. आणि माझ्या गाडीशिवाय या कॉलनीतली मुलगी जात नाही."

चुलत्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग पिवळ्या रेघेकडे बघत ते बाजूला झाले. काकांनी आबांच्या हातात तेलाचा नवा सीलबंद डबा दिला आणि पुढच्या दाराकडे बोट केलं. आबा लग्नाच्या नव्या धोतरात, मांडीवर डबा घेऊन, अगदी अवघडून बसले. मागे मी, नवरा आणि आत्या. मला आबांच्या फेट्याची मागची बाजू तेवढी दिसत होती. भोसरी मागे गेली.

मोशीला इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे काकांनी गाडी बाजूला घेतली. "तेल बघा," म्हणाले. आबा डबा घेऊन उतरले. बॉनेट उघडलं, आणि बॉनेटच्या आणि काचेच्या फटीतून मला दोघं दिसत होते. आबांनी पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ती उन्हात धरली. तेल अगदी वरच्या खुणेपर्यंत होतं. ते मला मागून दिसलं, तर फिटरला दिसलं नसेल का?

आबा पट्टीकडे बघत राहिले. मग काकांकडे बघितलं. काका नदीकडे बघत होते. त्यांचे कान अजून लालच होते.

"गळतंय का?" काकांनी नदीलाच विचारलं.

आबांनी पट्टी जागेवर घातली. "व्हय," ते म्हणाले. "गळतंय थोडं. मला शेवटपातुर यावं लागंल."

डबा न फोडता ते पुन्हा माझ्यापुढे येऊन बसले.

वस्तीवर पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. आबा घराकडे गेले नाहीत. अंगणाच्या कडेला त्यांनी बॉनेट उघडून उभं केलं आणि त्याच्या आड उभे राहिले. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. मी उजव्या पायानं ते ओलांडलं आणि तांदूळ घरात सांडले. त्याच क्षणी मी मान वळवली. बॉनेटच्या कडेवरून फेटा आणि दोन डोळे वर आले होते. आबांनी मला सासरच्या घरात जाताना बघितलं. आमच्या खेड्यातल्या किती बापांना ते दिसलं असेल? मला तरी कुणी माहीत नाही.

सासूबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी स्वतः तांब्याभर पाणी नेऊन फिटरला दिलं. आबांनी तो तांब्या कपाळाला लावला आणि निवलेल्या रेडिएटरचं झाकण काढून सगळं पाणी त्यात ओतलं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत आत आल्या. निघताना काका दारापर्यंत आले, घराच्या आढ्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. मग मला हळूच म्हणाले, "शकू, घर पास."

पुढे काका निवृत्त झाले. कॉलनीत मुली राहिल्या नव्हत्या आणि डांबरीही थकली होती. चिखलीच्या एका कारखानदाराला तिचे सुटे भाग हवे होते, त्याला ती दिली. मी माहेरी गेले होते तेव्हा ओट्यावर दोघं बसले होते, मध्ये माझा मुलगा रांगत होता. काकांच्या खिशात खडू तिन्ही होते. मी विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात ना? पुठ्ठा कोरडा होता. मी सकाळीच बघितला होता."

आबा घाईनं तंबाखू मळायला लागले. काकांचे कान मात्र या वेळी लाल झाले नाहीत.

"गळतेय म्हणालो, ते खोटं," ते म्हणाले. "रेघ खोटी नव्हती. दुरुस्ती बाकीच होती. किसनरावांच्या चांगल्या कामावर मी सगळ्या गल्लीदेखत फुली मारली होती. नुसत्या रुमालानं ती पुसली जाते का?"

 आबांनी मळलेल्या तंबाखूचे दोन भाग केले आणि मोठा भाग काकांच्या तळहातावर ठेवला.

आज दोघंही नाहीत. खंडेनवमीला आमच्याकडे मोटारीची पूजा होते, मुलगा हार घालतो, सून हळदकुंकू लावते. रंग लावायला मात्र मी कुणाला देत नाही. आणि घरात कुणावर रागावायची वेळ आली, की मी आधी आपलं माप तपासते. बहुतेक वेळा त्याची भोकं बुजलेली निघतात.